सोडा झोंबतो, उकळलेले पाणी पचकट लागते, असे का?



फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरला की जिल्ह्यातून माणसे तिकडे लोटतात. पाळणे, बांगड्या, भांडी, मिठाई असे सगळे हिंडून झाले की पाय आपोआप सोड्याच्या गाडीकडे वळतात. सोडावाला बाटलीच्या तोंडातली गोटी अंगठ्याने आत दाबतो, फट् असा आवाज होतो आणि बाटली फसफसून वर येते. पहिल्या घोटालाच नाकात झणका बसतो, डोळ्यांत पाणी येते आणि घटकाभराने भला मोठा ढेकर निघतो.

आता जरा विचार करा. साध्या सोड्यात साखर नसते, लिंबू नसते, मिरी नसते. मुख्यतः असते ते पाणीच. मग हेच पाणी घागरीत असताना मुकाट्याने पोटात जाते आणि बाटलीत शिरले की जिभेला चावते, ते का?

दुसरा प्रश्न घरातला आहे. पावसाळा लागला की गावातल्या आशाताई दारोदार सांगून जातात, पाणी उकळून प्या. घरची बाई सरपण जाळून पाणी उकळते. पण पोरे एक घोट घेऊन पेला खाली ठेवतात. "कसंतरीच लागतंय गं!" म्हणतात. म्हातारी माणसे तर सरळ सांगतात, "बाई, याला पाण्याची चवच नाही." चार दिवसांनी उकळणे बंद पडते आणि पुन्हा विहिरीचे पाणी तसेच रांजणात येते. सोडा फार झोंबतो आणि उकळलेले पाणी पचकट लागते, हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. पण दोन्हींचे उत्तर एकाच वायूपाशी येऊन थांबते. तो वायू ओळखला तर घरातले पाण्याचे भांडणही मिटते.

बाटलीत भरतात काय?

सोड्याच्या कारखान्यात थंड केलेल्या पाण्यात दाबाखाली एक वायू कोंबतात. त्याचे शाळेच्या पुस्तकातले नाव कार्बन डायऑक्साइड. आपण त्याला सोयीसाठी कर्बवायू म्हणू. हा वायू काही परका नाही. आपण श्वास बाहेर सोडतो त्यात तो असतो. चुलीतल्या जाळातून तो निघतो. ज्वारीचे पीठ आंबीलीसाठी आंबवायला ठेवले की त्यावर बुडबुडे येतात, तेही बहुतेक याच वायूचे. आपल्या भोवतालच्या हवेत मात्र तो अगदी थोडा, दहा हजार भागांत जेमतेम चार भाग इतकाच असतो. सोड्यात त्याची चंगळ असते. एक लिटर सोड्यात साधारण तीन ते चार लिटर वायू दाबून बसवलेला असतो. झाकण उघडले की दाब सुटतो आणि कोंडलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर धावतो.

थंड पाण्यात हा वायू जास्त मावतो आणि पाणी तापले की तो बाहेर पडू पाहतो. बर्फाइतक्या गार पाण्यात जेवढा मावतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी तो ३० अंशांच्या कोमट पाण्यात मावतो. म्हणून गार सोडा जास्त वेळ झणझणीत राहतो आणि कोमट सोडा उघडताच अर्धा उतू जातो. वैशाखात परभणीचा पारा चाळीस-बेचाळीस अंशांवर चढतो. अशा वेळी सोड्याच्या काचेच्या बाटल्या उन्हात किंवा ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवू नयेत. आतला दाब वाढून बाटली फुटते आणि काचा डोळ्यांत जातात.

पाण्यात हा वायू मुरवण्याची युक्ती जोसेफ प्रिस्टली या इंग्रज गृहस्थाने १७६७ साली काढली. लीड्स गावी तो राहत होता आणि त्याच्या शेजारी बिअर गाळण्याचा कारखाना होता. आंबत ठेवलेल्या पिंपांच्या तोंडाशी एक वायू साचून राहतो आणि त्यात पेटती काडी धरली की ती विझते, हे त्याने पाहिले. त्याने दोन पेले घेतले आणि त्या वायूच्या थरात पाणी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात वरून ओतत राहिला. थोड्या वेळाने पाण्याला एक चुणचुणीत चव आली. १७७२ साली त्याने ही कृती छापून प्रसिद्ध केली. गोटीची बाटली त्यानंतर शंभर वर्षांनी आली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्याच दाबाने गोटी रबरी कड्यावर घट्ट बसते. बूच लागत नाही, तार लागत नाही. म्हणून ही बाटली आपल्याकडच्या जत्रांतून इतकी वर्षे टिकून राहिली.

प्रिस्टलीने पेल्यातून पेल्यात पाणी ओतले, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे चुलीपाशी आपल्याला तिचा उपयोग होणार आहे.

हाच वायू आडातही असतो

प्रिस्टलीच्या पिंपावर काडी का विझली? हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो. तो खोलगट जागेत साचून राहतो आणि तेथे जाळही तगत नाही, माणूसही तगत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. ज्वारीचे पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड उघडे टाकून पेव निवू देत, मगच माणूस उतरे. धान्यही श्वास घेते. बंद पेवात ते प्राणवायू संपवते आणि कर्बवायू सोडते. म्हणून ती रीत पडली.

पेवे आता फारशी राहिली नाहीत. पण वर्षानुवर्षे न उपसलेले आड, बंद पडलेल्या विहिरी आणि गोबरगॅसच्या टाक्या आहेत. गाळ काढायला एकजण उतरतो, तो कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही कोसळतो. अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. या वायूला रंग नाही, वास नाही. जुन्या आडात उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडण्याची पद्धत आहे. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे पक्के. पण कंदील तेवत राहिला म्हणजे धोका नाहीच, असेही समजू नये. गोबरगॅसच्या टाकीजवळ तर ज्योत नेऊच नये, तेथला वायू पेट घेतो. डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये, त्याच्या धुराने आणखी वेगळा विषारी वायू तयार होतो. आणि कोणी खाली पडलाच, तर तसेच मागोमाग उतरू नये. वरून दोर टाकावा, माणसे जमवावीत, अग्निशामक दलाला फोन करावा.

पेल्यातला एवढासा वायू मात्र घाबरण्यासारखा नाही. तो ढेकरावाटे निघून जातो. आता त्याच्या चवीकडे येऊ.

चावा बुडबुड्यांचा नव्हे

बहुतेकांना वाटते की बुडबुडे जिभेवर फुटतात म्हणून सोडा झोंबतो. पण तसे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी याची परीक्षा केली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांनी माणसांना जास्त दाबाच्या बंद खोलीत बसवले. तेवढ्या दाबात सोड्यातून बुडबुडे सुटतच नाहीत. तरीही सोडा प्यायला दिल्यावर तो तितकाच चावला. म्हणजे चावणारा पदार्थ बुडबुड्यात नसून पाण्यातच विरघळलेला आहे.

तो पदार्थ म्हणजे आम्ल. कर्बवायू पाण्यात विरघळला की त्यातला थोडासा भाग पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो. आम्ल म्हणजे आंबट. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर तुम्ही सामू वाचला असेल. सामू ७ म्हणजे ना आंबट ना खारा. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा दोन ते तीन. आणि ज्यात आंबट काहीच घातलेले नाही, त्या साध्या सोड्याचा सामू चारच्या आसपास भरतो. तेव्हा सोडा हे एक प्रकारे लिंबाशिवाय आंबट झालेले पाणी आहे.

जिभेवर आंबट चव ओळखणाऱ्या बारीक पेशी असतात. त्यांच्या अंगावर एक विकर असते. विकर म्हणजे एखादी क्रिया झटपट घडवून आणणारा पदार्थ. हे विकर कर्बवायूचे आम्लात रूपांतर क्षणात करून टाकते. चार्ल्स झुकर आणि निकोलस रिबा यांच्या संशोधक गटाने २००९ साली उंदरांवर प्रयोग करून हे दाखवले. आंबट ओळखणाऱ्या पेशी काढून टाकलेल्या उंदरांच्या जिभेला कर्बवायूची चव कळेनाशी झाली. गिर्यारोहकांना याचा अनुभव वेगळ्या वाटेने येतो. उंच डोंगरावरच्या त्रासासाठी ते एक गोळी घेतात. त्या गोळीने हे विकर थंडावते आणि मग फसफसणारे पेय त्यांना अगदी बेचव लागते. बुडबुडे तेवढेच, पण चव गेलेली!

जिभेत आंबटाच्या पेशींशिवाय दुखणे कळवणारे मज्जातंतूही असतात. आम्ल त्यांनाही डिवचते. मोहरीचा झणका नाकात जातो तो ज्या वाटेने कळतो, त्याच वाटेने सोड्याचा झणकाही कळतो. म्हणून सोड्याची चव ही निम्मी आंबट आणि निम्मी चुरचुर अशी मिसळलेली असते. सोड्याचा पेला रात्रभर उघडा ठेवून सकाळी प्यालात, तर वायू उडून गेलेला असतो, आम्लही उरत नाही आणि उरते ते नुसते पाणी.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. सोड्याने ढेकर येऊन पोट हलके वाटते, म्हणून पुष्कळ लोक त्याला औषध समजतात. प्रिस्टलीलाही वाटले होते की या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही रोग बरा होईल. तो झाला नाही, कारण तो रोग क जीवनसत्त्व न मिळाल्याने होतो. सोड्यामुळे येणारा ढेकर हा बहुतांशी सोड्यातलाच वायू असतो. आपणच आत घातला, आपणच बाहेर काढला! रोज छातीत जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आणि लेकराला हगवण लागली असता बाटलीतले गोड रंगीत पेय कधीही देऊ नये. त्यातल्या जादा साखरेने हगवण वाढते. त्या वेळी जलसंजीवनीच द्यावी.

आपली विहीर म्हणजे मुरलेला सोडा

आता उरूस सोडून रानात या. सोड्याचा कारखाना आपल्या पायाखालीच चालू असतो, हे किती जणांना माहीत आहे?

पिकांची मुळे श्वास घेतात. शेणखत आणि धसकटे मातीत कुजतात. या दोन्हींतून कर्बवायू सुटतो आणि मातीच्या पोकळ्यांत साचतो. जमिनीतल्या हवेत तो बाहेरच्या हवेच्या दहापट, वीसपट, कधी त्याहूनही जास्त असतो. पावसाचे पाणी मुरताना हा वायू पिऊन घेते आणि किंचित आंबट होते. एवढे आम्ल तुमच्या जिभेला कळणार नाही, पण दगडाला कळते. आपल्याकडचा काळा खडक लाव्हारसाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हे आंबट पाणी त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे घटक थोडे थोडे सोडवून घेते. वाटेत चुनखडी लागली तर तीही विरघळवते. असे करता करता पाण्यातले आम्ल खर्ची पडते आणि त्याच्या जागी बायकार्बोनेट नावाचे क्षार येतात. तेव्हा आपल्या विहिरीचे पाणी म्हणजे एक मुरलेला सोडाच. चावा गेला, क्षार राहिले.

या क्षारांची ओळख घरातल्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त आहे. कोणत्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कोठे साबणाला फेस येत नाही, कोणत्या हंड्याच्या तळाला पांढरे किटण बसते, हे त्या न तपासता सांगतात. हे जड पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. शेतकऱ्याला हेच क्षार ठिबकच्या नळ्यांत भेटतात. तोट्या बुजल्या की तो आम्ल सोडून त्या मोकळ्या करतो. हंड्याच्या किटणावर चिंच किंवा लिंबू घासले की बारीक फेस येतो ना? किटणात कोंडलेला तोच कर्बवायू त्या वेळी सुटत असतो.

पाण्याची चव बरीचशी या क्षारांवर ठरते. बायकार्बोनेट बेताचे असले की पाणी गोडे लागते. मीठ वाढले की मचूळ आणि मग खारट लागते. सल्फेट वाढले की कडवट लागते. लोह असले की गंजाची चव येते. आणि क्षार अगदीच नसले तर? तरीही पाणी चांगले लागत नाही. आपली जीभ सदा लाळेत भिजलेली असते आणि लाळेत क्षार असतात. त्यामुळे पागोळ्यांचे पाणी पचकट लागते. जिभेला ना फार क्षार हवेत, ना अजिबात नसलेले.

चुन्याच्या निवळीची गंमत

ही सगळी हकिकत एका पेल्यात बघता येते. सुट्टीच्या दिवशी पोरांना करून दाखवा.

पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद काढून घ्या. तिचे दोन चमचे काचेच्या पेल्यात घ्या. लिंबू, साखर नसलेला ताजा साधा सोडा त्यात एकेक चमचा घाला. निवळी दुधासारखी पांढरी होईल. कर्बवायू आणि चुना मिळून खडूसारखी बारीक भुकटी तयार झाली. आता तसाच सोडा घालत राहा. आणखी काही चमचे पडले की दूध पुन्हा निवळून पाणी होईल! जास्तीच्या कर्बवायूने ती भुकटी विरघळवून टाकली. जमिनीत पाणी चुनखडी विरघळवते, ते हेच. आता हे निवळलेले पाणी लहान भांड्यात घेऊन तापवा. कर्बवायू उडून जाईल आणि पाणी पुन्हा गढूळसर होईल. हंड्याच्या तळाशी किटण बसते, ते हेच.

मात्र चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून मोठ्या माणसाने समोर बसूनच हा प्रयोग करावा आणि झाल्यावर ते पाणी फेकून द्यावे. पिऊ नये.

मग उकळलेले पाणी पचकट का?

आता उत्तर तुम्हीच द्याल. पाणी उकळले की त्यात विरघळलेली हवा आणि कर्बवायू निघून जातो. बायकार्बोनेट मोडून त्यातला चुना तळाला बसतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी पाण्याला चव होती, त्या दोन्ही कमी झाल्या. सोड्यात वायू फार म्हणून तो चावतो, उकळलेल्या पाण्यात वायू नाही म्हणून ते मेल्यासारखे लागते, आणि विहिरीचे पाणी या दोन्हींच्या मधले म्हणून ते जिभेला बरे वाटते. त्यातच ते पाणी कोमट असताना प्यायले, धुराचा वास लागलेल्या पातेल्यातून प्यायले, तर कोणाला आवडेल?

पण पचकट लागते म्हणजे पाणी बिघडले असे नव्हे. त्यातले रोगजंतू मेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चव परत आणायला पैसा लागत नाही. पुढीलप्रमाणे करून पाहा.

पाणी आधी दुपदरी स्वच्छ फडक्याने गाळून घ्या. झाकण ठेवून तापवा, म्हणजे धूर लागत नाही आणि सरपणही वाचते. खदखदून उकळी फुटली की मिनिटभर तशीच राहू द्या. आपल्या भागासाठी तेवढे पुरे आहे, अर्धा अर्धा तास उकळून लाकडे जाळू नका. मग झाकूनच निवू द्या. किटण तळाला बसले की वरचे पाणी अलगद ओतून घ्या.

आता प्रिस्टलीची युक्ती. दोन स्वच्छ भांडी घ्या, उकळत्या पाण्याने विसळलेली असली तर उत्तम. निवलेले पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून सात-आठ वेळा ओता. पाण्यात हवा मिसळते आणि त्याचा मेलेपणा जातो. प्रिस्टलीने वायूच्या थरात ओतले म्हणून त्याला सोडा मिळाला, आपण मोकळ्या हवेत ओतू म्हणून आपल्याला गोडे पाणी मिळेल. शेवटी ते पाणी घासून धुतलेल्या माठात भरा. माठ पाझरतो आणि पाणी गार होते. गार पाणी जिभेला नेहमीच जास्त गोड लागते. रात्री उकळून, ओतून माठात भरले की सकाळी शाळेत जाणारी पोरे कुरकुर न करता पितात. माठात हात बुडवू नका, दांड्याचे ओगराळे वापरा. नाहीतर उकळलेले सारे पाण्यात गेले!

टीसीएल पावडरीचेही असेच आहे. वास येतो म्हणून लोक नळाचे पाणी ओतून देतात आणि ओढ्याकाठच्या झिऱ्याचे गोड पाणी भरतात. पावडर घातल्यावर अर्ध्या तासाने पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती हेच पाहण्यासाठी. तो किंचित वास म्हणजे पाण्यावरचा पहारेकरी होय. भांड्यात काही वेळ ठेवले की वास बराच कमी होतो.

जिभेला काय कळत नाही

इतका वेळ आपण जिभेचे कौतुक केले. आता तिची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण खरा धोका तेथेच आहे.

जिभेला मीठ कळते, चुना कळतो, लोह कळते, सोड्यातला वायू तर कळतोच कळतो. पण पटकीचे जंतू तिला कळत नाहीत. कावीळ आणि विषमज्वराचे कळत नाहीत. उकिरड्याखालून आणि खताच्या रानातून झिरपलेले नायट्रेट कळत नाही. फ्लोराइड जास्त झाले तरी कळत नाही. काचेसारखे निवळ, माठात गार झालेले आणि साखरेसारखे गोड लागणारे पाणी घरभर जुलाब लावू शकते. आणि पचकट, किंचित औषधी वासाचे पाणी लेकराला सुखरूप ठेवते. हल्ली गावोगावी जारचे पाणी येते. त्यातले क्षार काढलेले असतात आणि ते गार केलेले असते, म्हणून ते गोड लागते. पण गोड लागणे हा काही स्वच्छतेचा दाखला नव्हे. जार धुतला कसा, भरला कोठे, हे विचारावेच लागते.

उकळण्याने जंतू मरतात, पण नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. तान्ह्या बाळाला वरचे दूध पाण्यात कालवून देत असाल तर नायट्रेटची चौकशी आधी करा. मानकाप्रमाणे ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. फ्लोराइड शक्यतो १ मिलिग्रॅमच्या आत असावे आणि दीडच्या वर तर जाऊच नये. यासाठी पाण्याची तपासणी हाच एक मार्ग आहे. सार्वजनिक विहीर, हातपंप आणि बोअर यांचे नमुने ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत जातात. आपल्या गावचा अहवाल काय आला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. बायकांनी तर जरूर विचारावे, कारण पाणी भरतात त्या आणि आजारी पोराच्या उशाशी बसतात त्याही.

माती आपण तपासून घेतो, सामू विचारतो, खताची मात्रा त्यावरून ठरवतो. रोज लेकराच्या पोटात जाणारे पाणी मात्र जिभेवर ठेवून पसंत करतो. जिभेला तिचे काम करू द्या. सोड्याची लज्जत तिने घ्यावी, गोड्या विहिरीचे कौतुक तिने करावे. पण पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हा निवाडा तिच्याकडे देऊ नका. तो चुलीवरच्या उकळीकडे, टीसीएलच्या पावडरीकडे आणि तपासणीच्या कागदाकडे द्या. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि विहिरीत गढूळ पाणी उतरले की दुसऱ्याच दिवसापासून पातेले चुलीवर चढू द्या, आणि रात्री ते पाणी दोन भांड्यांत ओतण्याचे काम पोरांनाच सांगा. स्वतःच्या हाताने ओतलेले पाणी ती आवडीने पितील.